निर्जंतुक औषधाचा कारखाना आखताना: सुरुवात उघड्या व्हायलपासून

गिळलेल्या गोळीच्या वाटेत पोटातलं आम्ल, आतडी आणि यकृत अशी शरीराची राखण असते. शिरेत सोडलेल्या द्रवाच्या वाटेत असं काहीच नसतं. त्यात जंतू असेल तर तो थेट रक्तात जातो. म्हणून इंजेक्शन, सलाइन आणि डोळ्यांतले थेंब बनवण्याच्या जागेची आखणी ही इमारत बांधण्यापेक्षा वेगळ्या जबाबदारीची गोष्ट आहे.

शेवटी चाचणी करून दूषित माल वेगळा काढू, असं नवख्या माणसाला वाटतं. त्याने एक हिशोब करून पाहावा. मोठ्या बॅचमधून निर्जंतुकता चाचणीसाठी साधारण २० व्हायल, म्हणजे इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या, घेतल्या जातात. समजा, बॅचमधली शंभरात एक व्हायल दूषित आहे, म्हणजे परिस्थिती भयंकर आहे. तरीही त्या २० नमुन्यांत एखादी दूषित व्हायल येण्याची शक्यता जेमतेम १८ टक्के भरते. हजारात एक दूषित असेल तर शक्यता २ टक्क्यांवर उतरते. चाचणी हवीच, पण औषध निर्जंतुक होतं ते हवा, पाणी, वाफ, दारं आणि माणसांच्या हालचाली यांच्या आखणीमुळे. ही आखणी मी ज्या क्रमाने करतो, त्याच क्रमाने पुढे मांडतो.

पहिली पायरी: बाटली बंद केल्यावर तापवता येईल का?

नकाशाला हात लावण्याआधी औषध तयार करणाऱ्या विभागाकडून या प्रश्नाचं लेखी उत्तर घ्या. बंद बाटलीतलं औषध १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटं टिकत असेल तर तोच मार्ग पक्का धरा. तेवढं सोसत नसेल तर कमी तीव्रतेचं, पण सिद्ध करता येईल असं वाफेचं चक्र बसतं का ते तपासा. तेही जमत नसेल तरच ०.२२ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फिल्टरमधून गाळून निर्जंतुक वातावरणात भरण्याचा, म्हणजे असेप्टिक मार्ग घ्या.

याला एवढं महत्त्व देण्याचं कारण आकड्यात आहे. बंद बाटली वाफेत निर्जंतुक करताना दहा लाखांत एकापेक्षा जास्त बाटलीत जिवंत जंतू उरू नये, ही खात्री गणिताने देता येते. असेप्टिक भरणीत अशी खात्री देता येत नाही, तिथे प्रत्येक मिनिटाला सगळं नीट चालावं लागतं. खर्चही बदलतो. शेवटी तापवायचं असेल तर युरोपीय औषधनिर्मिती नियमावलीच्या परिशिष्ट १ नुसार भरणी सहसा सी दर्जाच्या खोलीत चालते (हवेच्या स्वच्छतेचे दर्जे ए ते डी, ए सर्वांत स्वच्छ). असेप्टिक भरणीला ए दर्जाची जागा आणि तिच्याभोवती बी दर्जाची खोली लागते. बंद आयसोलेटर, म्हणजे भरणीची जागा माणसापासून पूर्ण वेगळी ठेवणारी पेटी, घेतला तर भोवतालची खोली डी दर्जाची चालते, उघड्या प्रकारच्या आयसोलेटरला सी लागते. नव्याने बांधत असाल तर आयसोलेटरचा विचार आधी करा, असं माझं मत आहे. यंत्र महाग पडतं, पण बी दर्जाची खोली आणि तिथे वावरणाऱ्या माणसांचे कपडे, प्रशिक्षण व देखरेख हा खर्च पुढे अनेक वर्षं चालू राहतो.

दुसरी पायरी: औषध उघडं कुठे पडतं?

आता मोठा कागद घ्या. भिंती काढू नका. औषध किंवा औषधाला लागणारी वस्तू ज्या ज्या ठिकाणी उघडी असते, त्या जागा फक्त ठिपक्यांनी दाखवा. टनेलमधून, म्हणजे व्हायल तापवणाऱ्या बोगद्यासारख्या यंत्रातून, बाहेर येणारी रिकामी व्हायल, भरणीची सुई, रबरी स्टॉपरचं (बुचांचं) भांडं, स्टॉपर बसेपर्यंतचा पट्टा. लायोफिलायझर, म्हणजे औषध गोठवून सुकवणारं यंत्र, असेल तर अर्धवट बूच लावलेल्या व्हायलचा तिथपर्यंतचा सगळा प्रवासही यात येतो. हाच टप्पा आराखड्यात सर्वांत जास्त वेळा निसटलेला मी पाहिला आहे. भरणीवर उत्तम हवा असते आणि लायोफिलायझरच्या दाराशी व्हायल साध्या खोलीच्या हवेत उभ्या असतात. अर्धवट बूच म्हणजे उघडं तोंड, असंच धरा.

हे ठिपके म्हणजे ए दर्जा. त्यांच्याभोवती बी, मग सी, मग डी असे थर चढवत बाहेर या. भिंती सर्वांत शेवटी येतात. मग त्याच कागदावर चार रंगांच्या पेन्सिलींनी माणसं, कच्चा माल, तयार माल आणि कचरा यांच्या वाटा काढा. जिथे दोन रंग एकमेकांना छेदतात तिथे थांबा. तो छेद भिंतीने सोडवायचा, वेळेच्या अंतराने की बंद डब्यातल्या वाहतुकीने, हे तिथेच ठरवून लिहून ठेवा. पेनिसिलिनसारखी तीव्र ॲलर्जी आणणारी औषधं असतील तर वाटांची जुळवाजुळव पुरत नाही, त्यांना स्वतंत्र इमारत आणि स्वतंत्र हवायंत्रणा द्यावी लागते.

तिसरी पायरी: हवा

खिडकीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत धूळ तरंगताना दिसते. क्लीनरूममधले, म्हणजे अशा दर्जाच्या स्वच्छ खोल्यांतले, धोक्याचे कण त्याहून कितीतरी बारीक असतात आणि जंतू बहुतेक वेळा अशाच कणांवर, त्वचेच्या सुटलेल्या कपच्यांवर बसून येतो. त्यामुळे कण मोजले जातात. एक घनमीटर हवेत ०.५ मायक्रॉन किंवा त्याहून मोठ्या कणांची मर्यादा ए दर्जाला काम चालू असतानाही ३,५२० आहे. बी दर्जाला खोली शांत असताना ३,५२० आणि काम चालू असताना ३,५२,०००. सी दर्जाला हेच आकडे ३,५२,००० आणि ३५,२०,०००. डी दर्जाला शांत अवस्थेत ३५,२०,०००, तर कामाच्या अवस्थेची मर्यादा आपल्या जोखमीच्या अभ्यासावरून स्वतः ठरवायची असते.

ए दर्जाची हवा खोलीच्या हवेसारखी मिसळत नाही. हेपा फिल्टरमधून, म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीतून, ती एकाच दिशेने, पडद्यासारखी खाली उतरते आणि कण सोबत घेऊन जाते. ही कल्पना अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेतले भौतिकशास्त्रज्ञ विलिस व्हिटफिल्ड यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रत्यक्षात आणली. आज कामाच्या पातळीवर या हवेचा वेग सेकंदाला ०.३६ ते ०.५४ मीटर धरतात. ‘कामाच्या पातळीवर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. फिल्टरच्या तोंडाशी वेग मोजून समाधान मानू नका, मध्ये यंत्राचा दांडा आला की खालचं चित्र पार बदलतं.

खोलीत किती हवा सोडायची हे ताशी किती वेळा हवा बदलते यावर बोललं जातं. समजा खोली ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच आहे. तिचं आकारमान ८४ घनमीटर. ताशी ४० बदल हवे असतील तर ३,३६० घनमीटर हवा लागेल. पण ४० हा आकडा कुठून आला? इथेच बरेच जण जुन्या प्रकल्पाचा आकडा उचलतात. तो काढण्याचा मार्ग सोपा आहे. काम थांबल्यावर बी दर्जाची खोली ३,५२,००० कणांवरून ३,५२० वर, म्हणजे शंभरपट खाली यायला हवी, आणि त्यासाठीचा मार्गदर्शक अवधी २० मिनिटांपेक्षा कमी आहे. हवा पूर्ण मिसळते असं धरलं तर शंभरपट घट व्हायला सुमारे ४.६ वेळा हवा बदलावी लागते. ताशी २० बदलांना त्यासाठी जवळपास १४ मिनिटं लागतात, ४० बदलांना ७. कागदावर २० बदलही पुरतात. प्रत्यक्षात कोपऱ्यांत हवा घोटाळते, यंत्रांमागे साचते, म्हणून बी दर्जाला बरंच जास्त ठेवावं लागतं. किती जास्त, ते हवा सोडण्याची आणि परत ओढण्याची तोंडं कुठे आहेत यावर ठरतं. परतीच्या जाळ्या जमिनीलगत ठेवा, आणि एकाच भिंतीत सगळ्या ठेवू नका. त्यांच्यासमोर ट्रॉली उभी राहणार नाही याची सोय नकाशातच करा, जाळीवर लावलेली सूचना कुणी वाचत नाही.

आणखी एक हिशोब हमखास चुकतो. भरणीयंत्रावर २.४ बाय १.२ मीटरचं एकदिश हवेचं छत असेल आणि वेग सेकंदाला ०.४५ मीटर असेल, तर ते एकटं ताशी सुमारे ४,६७० घनमीटर हवा फिरवतं. आधीच्या उदाहरणातल्या खोलीच्या एकूण पुरवठ्यापेक्षा हे जास्त आहे. ही हवा खोलीतूनच ओढून खोलीतच सोडली जाते, त्यामुळे कण गाळायला मदत होते, पण छतातल्या पंख्यांची सगळी उष्णता खोलीतच राहते. ती थंडाव्याच्या गणितात धरली नाही तर डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला माणूस तासाभरात घामाघूम होतो. घाम आणि अस्वस्थ हालचाल दोन्ही कण वाढवतात.

दाब आणि दारं

स्वच्छ खोलीचा दाब शेजारच्या कमी स्वच्छ खोलीपेक्षा जास्त ठेवतात, म्हणजे फटीतून हवा आतून बाहेर जाते. वेगवेगळ्या दर्जांच्या शेजारी खोल्यांत किमान १० पास्कलचा फरक हवा. आराखडा करताना मी १५ धरतो, कारण फिल्टर भरत जातो, दाराची रबरं झिजतात आणि वर्षभरात तीन-चार पास्कल सहज गळतात. डी १५, सी ३०, बी ४५ अशी शिडी होते. शिडी उंच करत नेण्याचा मोह मात्र टाळा. १५ पास्कलला नेहमीच्या मापाच्या दारावर जवळपास तीन किलो वजनाइतका रेटा येतो. फरक ४० वर गेला की दार नीट मिटत नाही किंवा उघडताना धक्का द्यावा लागतो.

या दाबाची किंमत हवेत मोजावी लागते. दाराभोवती एकूण ६ मीटर लांबीची फट आहे आणि ती सरासरी ३ मिलिमीटर रुंद आहे असं धरा. १५ पास्कलला तिच्यातून ताशी सुमारे २१० घनमीटर हवा निसटते. अशी चार दारं असली तर आपल्या उदाहरणातल्या खोलीचा पाव पुरवठा दारांतूनच जातो. म्हणून हवायंत्राची क्षमता ठरवण्याआधी दारांचा तपशील पक्का हवा. सहसा उलट घडतं: यंत्राची ऑर्डर आधी जाते आणि दारं शेवटी स्वस्तात घेतली जातात. मग दाब जमत नाही म्हणून फटींत सिलिकॉन भरत बसावं लागतं.

दार उघडलं की दाबाचा फरक त्या क्षणी शून्य होतो. त्या क्षणाचं संरक्षण एअरलॉक, म्हणजे दोन दारांमधली छोटी खोली, करतो. त्याची दोन्ही दारं एकाच वेळी उघडणार नाहीत अशी इंटरलॉक व्यवस्था ठेवा, पण आग लागली तर ती आपोआप सुटली पाहिजे. माणसांचा आणि मालाचा एअरलॉक वेगळा ठेवा. कपडे बदलण्याच्या शेवटच्या खोलीचा शांत अवस्थेतला दर्जा ती ज्या खोलीत उघडते त्या खोलीइतकाच हवा. बी भागासाठी आत जाण्याची आणि बाहेर येण्याची वाट वेगळी असेल तर उत्तम. औषध विषारी असेल तर आतली हवा बाहेरही जाता कामा नये. तिथे दोन्ही बाजूंपेक्षा जास्त किंवा दोन्ही बाजूंपेक्षा कमी दाबाचा एअरलॉक मध्ये घालून हा पेच सोडवतात.

दाबाच्या अलार्मला थोडा विलंब ठेवा, नाहीतर प्रत्येक दाराला तो वाजेल आणि आठवड्याभरात माणसं त्याकडे लक्ष देणं सोडतील. विलंब किती, हे दार प्रत्यक्ष किती सेकंद उघडं राहतं ते मोजून ठरवा.

पृष्ठभागांबद्दल थोडक्यात. भिंती, छत, जमीन गुळगुळीत, न तडकणारी आणि जंतुनाशक सोसणारी असावी. कोपरे गोलाईचे, काचा भिंतीशी सपाट, छताचे सांधे वरून सीलबंद. ए आणि बी भागात सिंक आणि ड्रेन नको. इतरत्र ड्रेनला हवेची मोकळी फट आणि सहज धुता येणारा ट्रॅप द्या. दिवे, फिल्टरच्या पेट्या आणि पाइपच्या झडपा शक्य तितक्या वरच्या तांत्रिक मजल्यावरून दुरुस्त करता याव्यात. त्या मजल्याची उंची बांधकामाच्या बजेटमध्ये सर्वांत आधी कापली जाते. ती कापू देऊ नका. तिथे माणूस ताठ उभा राहू शकला नाही तर प्रत्येक दुरुस्तीसाठी तो क्लीनरूममध्ये शिडी घेऊन येईल.

पाणी

इंजेक्शनसाठीच्या पाण्याच्या मर्यादा कडक आहेत: १०० मिलिलिटरमध्ये जास्तीत जास्त १० जंतू-वसाहती, एंडोटॉक्सिन मिलिलिटरला ०.२५ युनिटपेक्षा कमी, सेंद्रिय कार्बन ५०० पीपीबीपर्यंत (अब्जात ५०० भाग). एंडोटॉक्सिन म्हणजे काही जंतूंच्या आवरणातला घटक. जंतू मेला तरी तो उरतो आणि रुग्णाला ताप आणतो. वाफेने तो जात नाही, म्हणून पाण्यात जंतू वाढूच न देणं हा खरा उपाय आहे.

त्यासाठी पाणी सतत फिरतं आणि गरम ठेवा. ७० अंशांच्या वर पाणी फिरत असलेल्या पाइपांच्या बंद वर्तुळात जंतूंची चिकट साय धरत नाही. पाइप ३१६ एल स्टीलचे, जोड आपोआप फिरणाऱ्या वेल्डिंगने केलेले, आणि पूर्ण रिकामे होतील असा उतार दिलेले हवेत. मुख्य पाइपातून निघणारी शाखा तिच्याच व्यासाच्या तिप्पटीपेक्षा लांब नको, कारण तिथलं पाणी हलत नाही आणि गारही होतं. टाकीला श्वास घेण्यासाठी पाणी न शोषणारा ०.२ मायक्रॉनचा फिल्टर बसवतात. त्याला तापवणारं आवरण द्या, नाहीतर आत बाष्प साचून फिल्टर तुंबतो. पाणी तापवणाऱ्या किंवा गार करणाऱ्या उष्णता-विनिमयकात स्वच्छ पाण्याचा दाब दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त राहील असं पाहा, म्हणजे सूक्ष्म चीर पडली तरी गळती आतून बाहेर होईल.

वाफ, ऑटोक्लेव्ह आणि टनेल

१९७२ मध्ये इंग्लंडमधल्या डेव्हनपोर्ट इथे ग्लुकोजच्या दूषित सलाइनमुळे रुग्ण दगावले. चौकशीत कारण समोर आलं ते ऑटोक्लेव्हमधलं, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातलं. आतली हवा तळाशी अडकली होती, त्यामुळे खालच्या कप्प्यातल्या बाटल्या हव्या त्या तापमानाला पोचल्याच नाहीत. नोंद घेणारा तापमापक वर चढत नव्हता, पण दुसऱ्या मापकावर विसंबून चक्र पूर्ण झालं असं मानलं गेलं.

हवा वाफेपेक्षा जड असते आणि खाली बसते. हवा मिसळलेल्या वाफेचा दाब बरोबर दिसतो, तापमान मात्र कमी असतं. आणि इथे तापमानातली थोडी तूटही महाग पडते: १२१ ऐवजी ११८ अंशांना जंतू मारण्याचा वेग निम्मा होतो, १११ ला दहावा हिस्सा. म्हणून ऑटोक्लेव्ह घेताना तीन गोष्टी मागा. सच्छिद्र माल आणि कपड्यांसाठी व्हॅक्यूमने हवा काढण्याची सोय. ड्रेनमध्ये, म्हणजे सर्वांत थंड जागी, तापमापक. नियंत्रणाचा आणि नोंदीचा तापमापक एकमेकांपासून स्वतंत्र, आणि दोघांत फरक पडला तर चक्र थांबवणारी व्यवस्था. वाफेच्या पाइपांना उतार आणि प्रत्येक खोलगट जागी साचलेलं पाणी बाहेर काढणारा स्टीम ट्रॅप द्या. यंत्राला दोन दारं ठेवा, एक धुण्याच्या बाजूला आणि दुसरं स्वच्छ भागात.

टनेलमध्ये काचेच्या व्हायल इतक्या तापवतात की एंडोटॉक्सिन किमान हजारपट घटतं. अवघड भाग तापवण्याचा नसून दाबाचा आहे. टनेलचं एक तोंड धुण्याच्या सी किंवा डी खोलीत आणि दुसरं भरणीच्या ए भागात उघडतं. दोघांच्या दाबातला फरक टनेलमधून वाहणार. फार जास्त झाला तर थंड हवा गरम विभागात घुसते आणि व्हायल पुरेशा तापत नाहीत. उलटा झाला तर धुण्याच्या खोलीची हवा भरणीकडे येते. टनेलचा पुरवठादार आणि हवायंत्राचा पुरवठादार यांना आराखड्याच्या टप्प्यावर एकाच टेबलाशी बसवा, आणि भरणीच्या खोलीत दार उघडलं तर टनेलमध्ये काय होईल, हा प्रश्न दोघांना विचारा.

वीज गेली तर?

हा प्रश्न प्रत्येक यंत्रासाठी स्वतंत्रपणे विचारा. भरणीवरचं हवेचं छत आणि कणमापक यूपीएसवर ठेवा. मुख्य हवायंत्र जनित्रावर येईपर्यंत उघड्या व्हायलचं काय करायचं, ते लेखी ठरवा. माझ्या मते त्या टाकून देणं हाच योग्य निर्णय. पंखे परत सुरू होण्याचा क्रमही आखा: आधी पुरवठा, मग बाहेर ओढणारे. क्रम उलटला तर काही सेकंद खोली उणे दाबात जाते आणि आसपासची हवा आत ओढते.

धुराची चाचणी आणि नंतर

नकाशा पक्का करण्याआधी भरणीच्या खोलीचं लाकूड आणि पुठ्ठ्याचं खऱ्या मापाचं प्रारूप उभारा. ज्यांना तिथे रोज काम करायचं आहे त्यांना पूर्ण कपडे घालून त्यात उभं करा. पडलेली व्हायल उचल, सुई बदल, स्टॉपर भर, असं सांगा. हात कुठून जातो ते पाहा. एका प्रकल्पात या खेळात आम्हाला दिसलं की स्टॉपर भरताना माणसाची कोपरं उघड्या व्हायलच्या बरोबर वर येत होती. पुठ्ठ्याचं भांडं ४० सेंटिमीटर सरकवायला दहा मिनिटं लागली. स्टीलचं यंत्र बसल्यावर तेच काम महिन्यांचं झालं असतं.

बांधकाम झाल्यावर आराखड्याची, उभारणीची, चालण्याची आणि कामगिरीची पडताळणी या क्रमाने होते. हेपा फिल्टरवर एरोसोल (हवेत तरंगणारे बारीक कण) सोडून गळती तपासतात. वरच्या बाजूच्या ०.०१ टक्क्याहून जास्त कण कुठल्याही बिंदूवर पार झाले तर ती गळती. मग धुराची चाचणी: दृश्य धूर सोडून हवा कशी वाहते याचं चित्रीकरण. हे चित्रीकरण यंत्र थांबलेलं असताना आणि चालू असताना, दोन्ही वेळा करा, आणि माणूस प्रत्येक हस्तक्षेप करत असतानाही करा. धूर व्हायलच्या तोंडाशी भोवरा घेत असेल तर आधी अडथळा शोधा, वेग वाढवण्याकडे नंतर वळा. वेग वाढवल्याने भोवरा बऱ्याचदा फक्त जागा बदलतो.

असेप्टिक भरणीच्या यंत्रओळीवर सर्वांत शेवटी औषधाऐवजी जंतूंचं खाद्य भरून पूर्ण भरणी करून पाहतात. सुरुवातीला सलग तीन यशस्वी फेऱ्या, नंतर प्रत्येक ओळीवर वर्षातून दोनदा. अपेक्षित वाढ शून्य. या फेऱ्यांत सोपा दिवस निवडू नका. पाळी बदलण्याची वेळ, जास्तीत जास्त माणसं आणि सर्वांत अवघड हस्तक्षेप त्यात असू द्या. ए आणि बी भागाची पुनर्पडताळणी दर ६ महिन्यांनी आणि सी, डी भागाची दर १२ महिन्यांनी करायची असते. त्या दिवसांचं उत्पादन बंद राहणार हे पहिल्याच वर्षीच्या वेळापत्रकात लिहून टाका, म्हणजे ऐनवेळी ते पुढे ढकलण्याची वेळ येणार नाही.